यतीनच्या हातचं मत

मोरेश्वर दाभाडकरला अमेरिकेत मताचा अधिकार नव्हता, आणि तरीही गेली आठ वर्षं मिशिगनच्या नोव्हाय गावातल्या प्रत्येक निवडणुकीत त्याचं मत पडत आलं होतं. यात बेकायदेशीर काही नव्हतं. मतपत्रिका त्याच्या मित्राची, यतीनची, सही यतीनची, पेनही यतीनचंच. फक्त कुठला गोल काळा करायचा ते मोरेश्वर सांगायचा.

पद्धत ठरून गेली होती. टपालाने पत्रिका आली की मतदानाच्या आधीच्या रविवारी मोरेश्वर यतीनच्या घरी जाणार. यतीनची बायको रुपाली पोहे करणार. डायनिंग टेबलावरच्या लोणच्याच्या बरण्या बाजूला सरकवून यतीन ती भलीमोठी पत्रिका पसरणार, पेनचं टोपण काढणार आणि म्हणणार, "बोल मोरू, कुठे भरू?" की मोरेश्वर सुरू. गव्हर्नर आणि सिनेटर तर झालेच, पण जिल्ह्याचा न्यायाधीश कोण, शाळेच्या बोर्डावर कोण उभं आहे, वाचनालयासाठी वाढीव कर द्यावा की देऊ नये, सगळं त्याने वाचून, टाचण काढून आणलेलं असायचं. यतीन जांभया देत ऐकायचा आणि सांगेल तिथे भरायचा. तेही धड नाही, अर्धवट. "कडेपर्यंत भर रे, मशीन घेत नाही असलं," मोरेश्वर खेकसायचा. शेवटी पाकीट चिकटवून यतीन उठला की पुन्हा, "सही! पाकिटावर सही कोण करणार, तुझा सासरा?" बिनसहीचं पाकीट मोजतच नाहीत, हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की हल्ली रुपालीसुद्धा पोह्यांची डिश टेबलावर ठेवतानाच "सही" म्हणायची.

आता सासऱ्याचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगायला हवा, कारण सगळं दुखणं तिथेच होतं.

मोरेश्वर आणि यतीन पुण्याहून एकाच वर्षी आले. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एकाच कंपनीत लागले, एकाच अपार्टमेंटमध्ये राहिले, एकाच तव्यावर आळीपाळीने पोळ्या जाळल्या. ग्रीन कार्डाचे अर्जही बरोबरच गेले. ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब, की तिच्या तोंडाशी पोचेपर्यंत माणूस निवृत्त व्हावा. दोघं मुकाट्याने शेवटी जाऊन उभे राहिले. मग यतीनचं लग्न झालं. रुपाली तशी डोंबिवलीचीच, पण तिचे वडील तेलाच्या कंपनीत होते आणि ती जन्मली कुवेतला. आणि कायदा असा, की नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. यतीन टुणकन कुवेतच्या रांगेत गेला. तिथे कुणी नव्हतंच. ग्रीन कार्ड झालं, पाच वर्षांनी नागरिकत्वाची शपथ झाली, हातात छोटा झेंडा घेतलेला फोटो झाला.

राधिका, म्हणजे मोरेश्वरची बायको, नागपूरच्या धंतोलीत जन्मली होती. एकदा मोरेश्वर तिला बोलून गेला, "तुझ्या बाबांना नागपूर सोडून कुठे नोकरीच मिळाली नाही का गं?" त्यावर ती म्हणाली होती, "आणि तुझ्या आईला सदाशिव पेठ सोडून कुठे बाळंत होता आलं नाही का?" तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, पण मोरेश्वरच्या पोटातून काही गेला नाही.

म्हणजे हेवा जुना होता, घरात पाळलेला होता. यतीनने तळघर सजवून घेतलं तेव्हा वाटला, त्याने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली तेव्हा वाटला. व्हिसावरच्या माणसाला कंपनी काढणं म्हणजे स्वप्नच. विमानतळावर यतीन डावीकडच्या रांगेतून शीळ घालत निघून जायचा आणि मोरेश्वर उजवीकडे कागदांची पिशवी छातीशी धरून उभा असायचा, तेव्हा तर दरवेळी वाटायचा. पण या दुखण्यावर एक औषध होतं, ते म्हणजे तो रविवार. यतीनकडे मत आहे, पण डोकं माझं आहे, या एका विचारावर मोरेश्वर आठ वर्षं बऱ्यापैकी सुखाने झोपत आला होता.

फेब्रुवारीत प्रायमरी आली. प्रायमरी म्हणजे खऱ्या निवडणुकीच्या आधीची घरातली निवड. पक्षाने आपल्यातलाच एक जण राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे करायचा. मोरेश्वरचा माणूस केव्हाच ठरला होता: सिनेटर क्रॉली. क्रॉली भांडखोर होता, तोंडाचा फाटका होता, निम्म्या देशाला तो डोळ्यांसमोर नको असायचा. पण तो प्रत्येक सभेत टेबलावर मूठ आपटून सांगत होता, की ही रांग मी पहिल्या वर्षात संपवीन. मोरेश्वरला बाकी काही ऐकायचंच नव्हतं. त्याची लेक केया पुढच्या वर्षी एकवीस वर्षांची होणार होती. एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग तिने स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर ज्या देशातून ती कडेवर बसून आली तिथे एकटीने परत जायचं.

अशात एके संध्याकाळी यतीनचा फोन आला.

"मोरू, बसलायस ना? मार्था हॉलवे येतेय. माझ्या बेसमेंटमध्ये!"

"कोण हॉलवे?" मोरेश्वरने विचारलं. त्याला तिच्या आजीचं नावसुद्धा माहीत होतं.

"अरे यार, गव्हर्नर होती ती! प्रायमरीला उभी आहे. तिच्या कॅम्पेनला इंडियन फॅमिलीज मीट करायच्या होत्या, कुणीतरी माझं नाव दिलं. मी तिची दोन-तीन भाषणं ऐकली रे. कसली बोलते! सगळ्यांना जोडून घेते. मला वाटतं, या वेळी मी हिलाच..."

पुढचं वाक्य यतीनने गिळलं. पण मोरेश्वरला जे लागायचं ते लागलंच. मला वाटतं! आठ वर्षांत निवडणुकीच्या बाबतीत यतीनला कधी काही वाटलेलं नव्हतं. ज्या माणसाला सिनेट आणि हाउस यांतला फरक समजावता समजावता आपली जीभ झिजली, त्याला आता वाटायला लागलं होतं. आणि हे वाटणं त्याच्या डोक्यात मोरेश्वरने घातलेलं नव्हतं, दोन-तीन भाषणांत एक परकी बाई घालून गेली होती.

हॉलवेबाईंचं एकच पालुपद होतं: एक लांब टेबल. या देशात एवढं लांब टेबल मांडू, की कारखान्यातला कामगार, शेतकरी, कालपरवा आलेला माणूस, सगळे एका पंगतीला बसतील. ऐकायला गोड होतं. मिशिगन महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मात्र या टेबलाने आठवड्याभरात दोन तट पाडले. ज्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता ते म्हणत होते, बाई माणसं जोडते, देशाला असंच कुणीतरी हवं. जे रांगेत होते ते म्हणत होते, टेबल लांब आहे हो, पण आमची खुर्ची कुठे ते तर सांगा. "आम्ही लीगली आलो, बाकीच्यांनी पेशन्स ठेवावा" असं एका काकांनी लिहिलं आणि "काका, आम्ही काय बोगद्यातून आलो?" असं उत्तर आलं. शेवटी अनिलने, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षाने, ग्रुप बंदच करून टाकला आणि सगळ्यांना जोडणाऱ्या बाईपायी तिळगुळाच्या कार्यक्रमाची सूचना कुणाला कळली नाही.

"एका मताचा प्रश्न आहे," राधिका म्हणाली. मोरेश्वर दोन दिवस जेवताना ताटाशी बोलत होता, ते तिला असह्य झालं होतं. "यतीनच्या एका मताने केया इथे राहणार आहे का?"

"मला कळतं गं तेवढं. पण ते माझं मत आहे."

राधिकाने भाताचं भांडं खाली ठेवलं. "त्याचं आहे," ती म्हणाली.

हॉलवेबाई आल्या त्या दिवशी यतीनच्या गॅरेजच्या दारापाशी चपला-बुटांचा ढीग पडला होता. दाराशी रुपाली उभी, तिच्या हातात स्टिकरचे दोन रोल. ते कॅम्पेनच्या माणसांनी पाठवले होते. निळ्यावर छापलं होतं ‘व्होटर’, पिवळ्यावर ‘फ्रेंड’. पुढे कुणाला फोन करायचे आणि कुणाला नाही, हे त्यांना ओळखायला सोपं जावं म्हणून.

"मोरेश्वर, हे पिवळं तुझं," असं म्हणून रुपालीने ते त्याच्या कोटावर चिकटवलं आणि वर दोनदा थोपटलं. तिच्या मनात काही नव्हतं. राधिकाला पिवळं, केयाला पिवळं. केयाने आपलं स्टिकर कपाळावर लावलं. "बाबा लूक, आय ॲम अ फ्रेंड," म्हणून ती हसली. मोरेश्वरला हसू आलं नाही. तळघरात उतरताना त्याने पाहिलं, खुर्च्या सगळ्या सारख्या होत्या, पण माणसं आपापली निवडून बसली होती. पुढच्या ओळींत निळे आणि मागे पिवळे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग त्या आल्या. मोरेश्वरची फार इच्छा होती, की बाई आखडू असाव्यात, निदान खोट्या तरी वाटाव्यात. पण बाईंनी दाराशी कुणी न सांगता बूट काढले आणि मोज्यांवर जिना उतरून खाली आल्या. एक मोजा काळा होता, एक निळा. "पहाटे अंधारात घातले," असं म्हणून त्या हसल्या, आणि अख्खं तळघर तिथेच विरघळलं. बटाटेवडा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी दुसरा घेतला. यतीनचं नाव त्यांनी अगदी बरोबर उच्चारलं, ‘ती’ दीर्घ. मोरेश्वरचा मॅनेजर गेली चौदा वर्षं त्याला ‘मोअर’ म्हणत होता.

भाषण झालं, लांब टेबल झालं, टाळ्या झाल्या. मोरेश्वरने एक प्रश्न घोटून आणला होता. सभ्य, पण धारदार: तुमच्या टेबलाशी जे बसलेत त्यांचं सोडा, जे वीस वर्षं दारात उभे आहेत त्यांना आत कधी बोलावणार, त्यांची मुलं दाराबाहेर हाकलली जाण्याच्या आधी की नंतर? तो हात वर करून उभा राहिला. कॅम्पेनच्या बाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, कोटाकडे पाहिलं. "आधी निळे, प्लीज. वेळ कमी आहे." निळ्यांनी मालमत्ता कर विचारला, शाळा विचारल्या, एकाने रस्त्यावरच्या खड्ड्यांचं विचारलं. खड्ड्यांपाशीच वेळ संपला.

मग फोटो, तेही फक्त निळ्यांचे. यतीनने गर्दीतून वाट काढत मोरेश्वरला गाठलं आणि आपला फोन त्याच्या हातात दिला. "मोरू, तू काढ यार. तुझा हात स्टेडी असतो." मोरेश्वरने काढले. हॉलवेबाईंचा हात यतीनच्या खांद्यावर, यतीन असा फुललेला, की त्याच्या स्वतःच्या लग्नातही तो इतका आनंदी दिसला नसेल. मोरेश्वरने तीन फोटो काढले. तिन्हींत यतीनचे डोळे मिटलेले होते. हे त्याला पडद्यावर स्वच्छ दिसलं, आणि चौथा काढायची त्याला काही गरज वाटली नाही. "मस्त आलेत," म्हणून त्याने फोन परत केला आणि राधिकाला शोधायला वर गेला. घरी जाईपर्यंत त्याला त्या मिटलेल्या डोळ्यांचं समाधान पुरलं. मग तेही संपलं.

रविवारी तो यतीनकडे गेला नाही. सकाळी मेसेज टाकला, "बरं नाही." यतीनने अंगठा पाठवला. अंगठा! मोरेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. बरं नाही म्हणजे काय झालंय, एवढं तरी विचारायचं. आता कशाला विचारेल? त्याला विचारायला दुसरं माणूस मिळालंय.

दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि यतीन उभा होता, एका हातात पोह्यांचा डबा, जाकिटाच्या आत पत्रिकेचं पाकीट.

"रुपालीने दिलेत. म्हणाली, पोह्यांशिवाय पत्रिका भरली तर काउंट होत नाही." तो स्वतःच हसला. मोरेश्वर हसला नाही, पण बाजूला झाला.

यतीनने पत्रिका टेबलावर पसरली. या वेळी ती लहानशीच होती, एका जागेसाठी चार नावं. त्याने पेनचं टोपण काढलं, पण नेहमीचं वाक्य काही बोलला नाही.

"मी हॉलवेला देणार आहे मोरू," तो म्हणाला. "तुझ्या पाठीमागे द्यायचं नव्हतं, म्हणून आलो."

"मग माझ्यासमोर दिलंस की बरं वाटेल का मला?"

"ऐक ना. तू हात वर केलास तेव्हाच कळलं मला काय विचारणार ते, मी तिला तुझा प्रश्न विचारला. ती निघताना बूट घालत होती, तेव्हा. केयाचं नाव घेऊन विचारला. ती म्हणाली, मी प्रॉमिस करणार नाही. रांगेतल्यांना घाई आहे आणि कारखान्यातल्यांना भीती आहे. दोघांना समोरासमोर बसवीन, पण कधी काय होईल ते आज सांगितलं तर खोटं ठरेल."

"बघ! म्हणजे देणार काही नाही. नुसतं टेबल!"

"पण खोटं नाही बोलली रे. क्रॉली खोटं बोलतोय. एकटा प्रेसिडेंट तो कायदा बदलू शकत नाही, काँग्रेस लागते, आणि भांडून काँग्रेस मिळत नाही. हे तूच मला शिकवलंस. याच टॉपिकवर मागच्या वेळी माझे पोहे गार केलेस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मोरेश्वरचं पित्त खवळलं. आपलंच शिकवलेलं आपल्या अंगावर, तेही यतीनच्या तोंडून! त्याला एकदम सगळं आठवलं: पिवळं स्टिकर, खांद्यावरचा हात, दीर्घ ‘ती’, विमानतळावरची शीळ.

"तू मला शिकवू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला तशी स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. "तुझी लायकी काय रे मत द्यायची? काय वाचलंस, काय केलंस? रुपालीच्या आईला कुवेतच्या दवाखान्यात कळा आल्या, एवढीच तुझी कमाई. तेवढ्यावर तू व्होटर आणि मी फ्रेंड!"

यतीनचा चेहरा पडला, कान लाल झाले. त्याने पेन उचललं आणि हॉलवेच्या नावापुढचा गोल भरला, नेहमीसारखाच अर्धवट. मोरेश्वरला ते दिसलं आणि त्याची जीभ वळवळली, पण तो मूग गिळून बसला. यतीनने पत्रिका घडी करून आतल्या कागदी कव्हरात घातली, ते पाकिटात सरकवलं, पाकीट चिकटवलं. चिकटवून उठला.

सही केली नाही.

मोरेश्वरने पाकिटाकडे पाहिलं. सहीची रेघ कोरी होती. तिच्या शेजारी लाल अक्षरांत ‘इथे सही करा’ छापलेलं होतं, ते आजवर यतीनला कधी दिसलं नव्हतं. मोरेश्वरने नजर वळवली आणि पोह्यांच्या डब्याकडे बघायला लागला.

"निघतो," यतीन म्हणाला. "सिटी हॉलच्या पेटीत टाकतो जाता जाता."

"बरं."

यतीनला बूट घालायला बराच वेळ लागला. एक लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मोरेश्वर जागचा हलला नाही. दार उघडलं, गार वारा आत आला, दार लागलं.

मोरेश्वर खिडकीशी गेला. आतून त्याला आनंदाची उकळी फुटली होती, आणि ती लपवावी असं समोर कुणी नव्हतंही. बिनसहीचं पाकीट! मोजणार नाहीत. कचेरीतून फोन येईल म्हणा, सही करून जा म्हणून; पण यतीन अनोळखी नंबर जन्मात उचलत नाही आणि टपाल महिना महिना उघडत नाही. म्हणजे गेलं. बाईचं एक मत गेलं, आणि त्यासाठी आपल्याला काही करावं लागलं नाही. नुसतं गप्प राहावं लागलं. यतीनला कधी कळणारही नाही. तो आपला त्या डोळे मिटलेल्या फोटोकडे बघत खूश राहील.

"गेला का तो?" राधिकाने आतून विचारलं. तिचा आवाज कोरडा होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"गेला."

आणि म्हणता म्हणता त्याच्या डोळ्यांसमोर ते पाकीट आलं. कुठल्यातरी टेबलावर, नको असलेल्या गठ्ठ्यात पडलेलं. चांगलं भरलेलं, माणसाने मनापासून भरलेलं, आणि मोजलं न गेलेलं. मोरेश्वरला ते बघवेना. क्रॉलीचा विचार करून पाहिला, केयाचा करून पाहिला, पण ते पाकीट काही हलेना. आपल्याला वीस वर्षांत एकदा मिळालं असतं तर आपण ते दोन्ही हातांनी नेलं असतं, आणि या गाढवाला सही करायची आठवण राहत नाही!

तो दार उघडून धावला. पायात मोजे होते फक्त. पायऱ्यांवरचा बर्फ मोज्यांतून आत शिरला, तो घसरता घसरता वाचला. "सही!" तो ओरडला. "यतीन! सही!" समोरच्या घरापुढे बर्फ उपसणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं.

यतीनची गाडी अजून ड्राइव्ह-वेमध्येच होती. इंजिन सुरू, वायपर सुरू, आणि यतीन आत बसलेला. काच खाली आली. पाकीट त्याच्या मांडीवर होतं, पेन त्याच्या बोटांत होतं, आणि पेनचं टोपण काढलेलं होतं.

"सही राहिली तुझी," मोरेश्वर धापा टाकत म्हणाला.

"माहीत आहे," यतीन म्हणाला.

"माहीत आहे म्हणजे?"

"आठ वर्षं बोंबलतोयस. विसरेन कसा?"

"मग केली का नाहीस?"

यतीन वायपरकडे बघत राहिला. "क्रॉलीला नाही देऊ शकलो रे. पटतच नाही. पण केया माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. म्हटलं, सही ठेवू तशीच. मोरू बोलला तर करू. नाही बोलला तर पाकीट तसंच टाकू पेटीत. तुझ्या माणसाला नाही, तर माझ्याही नाही."

"मत तुझं आहे," मोरेश्वर कसाबसा म्हणाला. "मी नुसता सांगायचो."

"नुसता सांगायचास! मला काय नावं वाचता येत नव्हती?" यतीन आता त्याच्याकडे वळला. "मघाशी बोललास ना, कुवेतचं? ते मी शपथ घेतली त्या दिवशीच माझं मला बोललो होतो. पहिली पत्रिका घरी आली तेव्हा एकट्याने भरायची लाज वाटली. म्हणून तुला बोलावलं. तू इतका खूश झालास, की मग दरवेळी बोलावत गेलो."

त्याने पाकीट स्टिअरिंगवर ठेवलं आणि सही केली. कोपर लागून हॉर्न वाजला, तसा समोरचा म्हातारा पुन्हा थबकला. दारातून राधिका ओरडत होती, की पायात काहीतरी घाल, मरशील.

"गोल अर्धवट भरलायस तू," मोरेश्वर म्हणाला.

"घेईल मशीन?"

"अर्ध्याच्या वर आहे. घेईल बहुतेक. जा आता."

यतीनने काच वर केली. गाडी मागे आली, वळली आणि सिटी हॉलच्या दिशेने गेली. मोरेश्वर ओल्या मोज्यांनी तिथेच उभा राहिला. यतीनच्या घराचा, तळघराचा, कंपनीचा, पासपोर्टचा त्याने आजवर मनसोक्त हेवा केला होता. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी मिळण्यासारखी होती, रांग सरकली असती तर त्यालाही मिळाली असती. आज पुन्हा यतीनचाच हेवा वाटत होता, आणि आधी कधी वाटला नव्हता एवढा वाटत होता. पण मित्रापायी आपलं मत सोडायला यतीन ज्या मनाने इतक्या सहज तयार झाला होता, ते मन कुठल्या देशाच्या रांगेत उभं राहून मिळतं, हे काही त्याला ठाऊक नव्हतं.